जावईबापूंसमोर

"वारा सरला का?" राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं. दुर्बिणीतून आतड्याचं ऑपरेशन झालेले दामूअण्णा छताकडे बघत राहिले. "नाही? मग चाला. संध्याकाळपर्यंत सरला नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

चालवायला जावईबापू होते. ज्यांना दामूअण्णांनी आपल्या घरात पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेऊ दिला नव्हता, ते आता एका हाताने सासऱ्यांचं कोपर आणि दुसऱ्या हाताने त्यांचा मागून उघडा पडणारा गाऊन धरून पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होते.

खोलीत परतल्यावर सुमतीबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "अहो, खरंच काही नाही?"

"येतंय गं सारखं. दाबतो. जावईबापूंसमोर कसं?"

सुमतीबाईंनी कपाळावर हात मारला आणि बाहेर जाऊन जावयाला सगळं सांगितलं.

पुढच्या फेरीत जावईबापू सिस्टरच्या टेबलासमोर थांबले आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने त्यांनी स्वतःच एक खणखणीत वारा सोडला.

सिस्टर टाळ्या वाजवत उठल्या. "अभिनंदन, आजोबा!"

दामूअण्णांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर जावयाची अब्रू जाणार, हो म्हणावं तर नळी टळणार, पण ही सरळ फसवणूक.

"असू द्या, बाबा," जावईबापू हळूच म्हणाले, "घरातच राहिलं."

दामूअण्णांना हसू फुटलं. टाके दुखत होते, पण हसणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. त्यापुढचंही राहिलं नाही.