जड तेल

“तुमच्या तेलात भेसळ आहे, बाई. यंत्र काय खोटं बोलणार?”

प्रयोगशाळेच्या साहेबांनी आलेख टेबलावर सरकवला. त्यावर उंचसखल टोकं होती. एकेक टोक म्हणजे तेलातलं एकेक द्रव्य. अगदी उजवीकडच्या टोकाभोवती लाल गोल होता. ते द्रव्य या औषधी मुळांच्या तेलाच्या ठरलेल्या यादीत नव्हतं. म्हणजे वरून मिसळलेलं.

थोरली त्या गोलाकडे बघतच राहिली. तिघी जावा मिळून बारा वर्षं तेल उतरवायची भट्टी चालवत होत्या, पण त्यांचं तेल तपासणीला यंदाच पहिल्यांदा आलं होतं. मुळं खणण्यापासून तेल बाटलीत भरेपर्यंत थोरलीची नजर हटत नसे. अहवालावर भेसळीचा शिक्का बसला, की औषधाचा कारखाना त्यांना पुन्हा दारात उभं करणार नव्हता. भट्टी थंड पडणार होती, आणि नाव जाणार होतं ते वेगळंच.

तिनं पायाशी ठेवलेलं पोतं उचललं आणि त्या आलेखावरच ठेवलं. माती भसकन सांडली.

“कालच खणलीत. आता तुम्हीच तेल काढा. मी हातसुद्धा लावत नाही, नुसती बघते.”

साहेब वैतागले, पण नाही म्हणायला कारण नव्हतं. आलेख काढणाऱ्या मुलीनं मुळं धुतली, चिरली, काचेच्या चंबूत पाण्याबरोबर उकळायला ठेवली.

“ही काय भातुकली मांडलीस गं?” थोरली म्हणाली. मुलगी हसू दाबत राहिली.

चार तासांनी नळीत पातळ, फिकट तेल जमलं. मुलीनं त्याचा थेंब यंत्रात सोडला. तासाभरानं आलेख आला. सगळी टोकं जागच्या जागी होती. उजवीकडचं मात्र नव्हतं.

“आता तरी कबूल करा,” साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले.

थोरली चंबूजवळ गेली. काच कोमट लागली.

“खालची शेगडी कुणी बंद केली?”

“मीच, मावशी. नियम चार तासांचा आहे.”

“अगं, चार तासांत हलकं तेल येतं. जड तेल हट्टी असतं, ते सगळ्यात शेवटी उतरतं. आमची भट्टी उजाडल्यापासून मावळेपर्यंत पेटलेली असते!”

“पण नियम...” साहेबांनी सुरुवात केली.

“साहेब, मुळं अजून आतच आहेत. तुमचं काय जातंय?”

साहेबांच्या उत्तराची वाट न बघता मुलीनं बटण दाबलं.

पाच वाजेपर्यंत काहीच झालं नाही. सहाच्या सुमाराला नळीत मधासारखा दाट थेंब उतरला. मग दुसरा. मातीचा गोडसर, खोल वास खोलीभर पसरला. घरी निघालेली माणसं खांद्यावरच्या पिशव्यांसकट दारात थांबली.

थेंब यंत्रात गेला. पडद्यावर रेघ सरकू लागली. बराच वेळ ती सपाट चालली, आणि उजव्या टोकाला आल्यावर सरळ उभी चढली.

“आलं! मावशी, आलं!” मुलगी ओरडली. तिनं नवा आलेख छापून घेतला आणि लाल गोलाच्या आलेखावर धरून दिव्यासमोर नेला. टोकावर टोक बसलं होतं. दारातून टाळ्या पडल्या. थोरलीनं पदरानं डोळे टिपले आणि मान ताठ केली.

साहेबांनी कपाटातून एक जुनी, पिवळी पडलेली फाईल काढली. आत या तेलाची ती ठरलेली यादी होती, अनेक वर्षांपूर्वी चार तासांच्या तेलावरून केलेली. गावोगावचं तेल आजवर तिच्यावरूनच खरं किंवा खोटं ठरलं होतं. खाली एका तरुण संशोधकाची झोकदार सही होती. साहेबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

“मुली, यांच्या अहवालावर ‘शुद्ध’ लिही,” ते म्हणाले, “आणि माझ्या या यादीवर, ‘अपुरी’.”