हरेशचं टेबल

रोह्याच्या त्या रंगाच्या कंपनीत मोठ्या साहेबांनी एक रीतच पाडली होती. कोणी राजीनामा दिला, की त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर बसायचं नाही. जो बसेल त्याची बढती गेलीच म्हणून समजा. साहेबांच्या रोजच्या शिव्यांना विटून पॅकिंगमधल्या हरेशनं पेणला दुसरी नोकरी धरून इथं राजीनामा दिला, आणि दुसऱ्याच दिवशी भरल्या कँटीनमध्ये तो एकटा पडला. कालपर्यंत त्याच्या डब्यात हात घालणारे आज खाली मान घालून जेवत होते.

त्याच्याच खात्यातल्या नूतननं आपला डबा उचलला आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली. तांदळाची भाकरी मोडून अर्धी त्याच्या पुढ्यात ठेवली.

साहेब तरातरा आले. "तूपण राजीनामा दिलास की काय?"

"नाय साहेब. जेवतेय."

"मग उद्यापासून तुझ्याशीही इथं कोणी बोलणार नाही. बघू किती दिवस टिकतेस!"

नूतननं तोंडातला घास सावकाश संपवला.

"गावकीनं आमचं घर वाळीत टाकलं, तवा आमाला विहीर बंद केली, दुकान बंद केलं. सासरे गेले, तर खांदा द्यायला कोन फिरकलं नाय. पुढं नवरा नि दीर, मागं मी नि माझ्या जावेनं खांदा दिला." तिनं सुकटीचा डबा हरेशकडं सरकवला. "आमी अजून त्याच गावात ऱ्हातो, साहेब."