सिग्नलला थांबणारी गाडी

बाबांची गाडी पुन्हा लाल सिग्नलला थांबली. मागून आलेल्या दोन गाड्या तिला घासून पुढे गेल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात बाबांचा नंबर घसरून शेवटचा झाला.

“बाबा, ही शर्यत आहे. शर्यतीत कोणी सिग्नल पाळतं का?”

“असू दे गं. लाल म्हणजे लाल.”

ती थकल्या आवाजात हसली. दिवसभर वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात हेडफोन लावून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि भाड्याच्या खोलीवर आलं की बूटही न काढता दुसरा हेडफोन चढवायचा, असा तिचा क्रम होता. अंगात त्राण नसे. तरी दोन गावांतल्या दोन खोल्यांत बसून बापलेकीनं खेळायची ही संध्याकाळची शर्यत तिनं कधी चुकवली नव्हती.

पूर्वी बाबा असे खेळत नसत. उभी हयात शहराची बस चालवण्यात गेलेली, त्यामुळे खेळात ते उधळलेल्या बैलासारखे सुटत. फुटपाथवरून, फळवाल्यांच्या गाड्या उडवत, “आयुष्यभर थांबलो, आता कोणाच्या बापाला थांबत नाही!” असं ओरडत. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर मात्र त्यांची गाडी एकदम शहाणी झाली. सिग्नल पाळू लागली, वळणावर रांगू लागली. आणि बाबा पुटपुटत राहू लागले. “सरळ, सरळ... आता घड्याळाच्या हाताला... अगं, हळू!”

घड्याळाचा हात म्हणजे डावा. घरात डावं-उजवं चटकन फक्त बाबांनाच कळायचं, म्हणून त्यांनी काढलेली ही युक्ती.

“मी कधीच पुढे गेलेय, बाबा. हळू काय?”

“हो का? बरं बरं.”

बाबांची गाडी दुभाजकावर चढली. हेडफोनमध्ये बाबांच्या मागून कुठून तरी आवाज आला, ‘च्च’.

तिचा अंगठा बटणावरच आखडला. आई. हा आवाज तिला लहानपणापासून पाठ होता. वेणी वाकडी आली, च्च. गणितात मार्क पडले नाहीत, च्च. नोकरीसाठी ती बॅग घेऊन घराबाहेर पडली तेव्हाही दारात निरोपाचा शब्द नाही, फक्त च्च. तेव्हापासून मायलेकींचं जे काही येणंजाणं होतं, ते बाबांमार्फत. बाबा म्हणजे त्या दोघींमधली एकुलती एक बससेवा.

“एवढा खुपतो तिला हा खेळ, तर शेजारी बसते कशाला?”

“बसू दे की. तुझं काय जातं? आई विचारतेय, जेवलीस का?”

“सांगा, जेवले.” ती जेवली नव्हती.

“तूच सांग. आणि कधी तरी तूही विचार तिला. मी काय तुमचा टपालवाला?”

“उद्या बोलते, बाबा. आज खरंच जीव नाही राहिला.”

“बरं. उद्या.”

शेवटच्या वळणावर त्यांची गाडी भिंतीवर जाऊन आदळली.

“काय हे! लायसन्स कोणी दिलं तुम्हाला?”

“नवा ड्रायव्हर ठेवलाय,” बाबा खुदखुदले. “शिकाऊ आहे. जरा सांभाळून घे.”

त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास बाबा झोपेतच गेले.

ती घरी पोचली तेव्हा माणसं जमली होती. मग माणसं पांगली आणि एका खोलीत दोघीच उरल्या. आई घड्या घालत होती, ती कपाट रिकामं करत होती. बाबांच्या शर्टांना बटणंच नव्हती. त्यांच्या जागी चिकटपट्ट्या शिवलेल्या होत्या, आईच्या बारीक टाक्यांनी.

“बटणं जमत नव्हती त्यांना,” आई म्हणाली. “बोटं ऐकायची नाहीत.”

“मला बोलले नाहीत.”

“नको म्हणाले. लांब राहते, उगाच घोर लावून घेईल म्हणाले.”

यावर पुष्कळ बोलता आलं असतं. पण रडून आणि जागून तिचं डोकं दगड झालं होतं. तिनं शर्टाची घडी आईच्या हातात दिली, आईनं ती गठ्ठ्यावर ठेवली.

खोलीवर परतल्यावर तिनं ‘पोचले’ असा निरोप धाडला. ‘बरं’ असं उत्तर आलं. पुढे काही नाही. ती फोन उचलायची, आईच्या नावावर बोट न्यायची आणि ठेवून द्यायची. बोलायचं काय? बससेवा बंद पडली होती. इतक्या वर्षांत पायवाट कोणी पाडलीच नव्हती.

एका संध्याकाळी कामावरून येऊन तिनं बूट न काढताच खेळ लावला. खेळायला नव्हे. यादीत बाबांचं नाव होतं, तेवढं बघायला.

नावापुढचा दिवा हिरवा होता, म्हणजे खेळात हजर.

काही बिघाड असेल, असं म्हणत तिनं शर्यत सुरू केली. राखाडी गाडी शेजारी येऊन उभी राहिली. बाबांचीच. इशारा झाला, बाकीच्या गाड्या सुसाट सुटल्या. राखाडी गाडी रांगत निघाली. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला आणि ती थांबली.

तीही शेजारी थांबली. हेडफोन कानावर घट्ट दाबून.

दिवा हिरवा झाला. वळण उजवीकडे होतं. राखाडी गाडी डावीकडे वळली आणि दुभाजकावर चढली. यावेळी कोणी पुटपुटत नव्हतं. घड्याळाचा हात कोणी सांगत नव्हतं.

फक्त एक आवाज आला, अगदी कानाशी, स्वतःवरच वैतागलेला.

‘च्च.’

तिनं आपली गाडी मागे घेतली आणि दुभाजकाला लागून उभी केली.

“घड्याळाचा नाही, दुसरा हात,” ती म्हणाली. “आई... तू जेवलीस का?”