घरातली सायकल

हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर रुपरावांना हळूहळू रस्ते आठवेनासे झाले. सकाळी फिरायला निघत आणि कुणीतरी हात धरून त्यांना घरी आणून सोडी. परवा तर थेट वाडीच्या नाक्यावर, ट्रकांच्या गर्दीत सापडले. डॉक्टर म्हणाले, "व्यायाम बंद करू नका, पण एकटं बाहेर सोडू नका."

मुलगा आणि सून बर्डीच्या बाजारात, व्यायामाच्या सामानाच्या दुकानात गेले. पट्ट्यावर चालायचं मशीन घ्यावं की जागच्या जागी चालवायची सायकल, हे मुलाचं काही ठरेना.

"सायकलच घ्या," सून प्रेमिला म्हणाली. "मामाजींचा जन्म सायकलवरच गेला."

सायकल घरात आली. रुपरावांनी सीटवरून हात फिरवला, कपाटातून कारखान्यात न्यायचा जुना जेवणाचा डबा काढून हँडलला अडकवला आणि पायडल मारू लागले. मुलगा कितीतरी दिवसांनी निवांत पेपर वाचत बसला.

प्रेमिला चहा घेऊन आली, तेव्हा सासरे घामानं निथळत होते. पाय थांबत नव्हते. तिच्याकडे अनोळखी नजरेनं बघत त्यांनी विचारलं,



"कवाचा चालवून राहिलो वं बाई, माह्यं घर काहून येऊन नाही राहिलं?"