मंगळवारचं धुणं

इमारतीच्या सभेत मायलिस बोलायला उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आता ही म्हातारी टाळ्या वाजवणार. ठराव होता तळघरातली धुण्याची खोली बंद करायचा. घरटी एकेक मशीन द्यायचं आणि खोलीत सायकली ठेवायच्या.

"माझा विरोध आहे," मायलिस म्हणाली.

अध्यक्ष ओलाच्या हातातला दालचिनीचा पाव हातातच राहिला. एकोणीस वर्षं त्या खोलीच्या नावानं बोंब मारणारी बाई हीच. दर मंगळवारी तिच्या आधी सिक्स्टनची पाळी असायची आणि दर मंगळवारी तो कपडे वाळवायच्या ड्रायरच्या जाळीत कपड्यांतून निघालेल्या तुसांचा जाड थर तसाच सोडून जायचा. मग मायलिस भिंतीवर चिठ्ठी डकवायची: 'काही लोकांना देवानं हात फक्त हेरिंग मासे खायला दिलेत.' संध्याकाळपर्यंत खाली सिक्स्टनचं उत्तर: 'आणि काहींना तोंड फक्त कुरकुरायला.' प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नव्हता.

बाकी इमारतीत तर आनंदच होता. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या त्या वस्तीत आर्किटेक्टनं जिने इतके अरुंद काढले होते, की शेजाऱ्याची चाहूल लागली की लोक दाराआड श्वास रोखून उभे राहत. तो गेला की मग कडी काढत. अंगणातले बाक एकमेकांकडे पाठ करून बसलेले. माणसाला माणूस भेटायचा तो फक्त तळघरात, कारण हातात ओले कपडे घेऊन पळता येत नाही.

ओलानं कारण विचारलं. मायलिसचे कान लाल झाले. नवरा गेल्यापासून आठवड्यातून एकदा कुणीतरी आपल्याला उद्देशून दोन ओळी लिहितं, तेवढंच उरलंय, हे चारचौघांत कसं सांगणार? घरात मशीनला जागा नाही, असं तिनं ठोकून दिलं. तिच्या न्हाणीघरात म्हैस मावली असती.

हात वर झाले. मतं समसमान पडली. राहिला सिक्स्टन. ओलानं नळवाल्यानं घरोघरी केलेल्या पाहणीचा कागद पुढे ओढला.

"तुझा तर प्रश्नच नाही, सिक्स्टन. तुझ्या घरात नऊ वर्षांपासून मशीन आहे. ड्रायरसुद्धा."

मायलिस गर्रकन वळली.

"मग दर मंगळवारी खाली येऊन काय वाळवायचास रे?"

सिक्स्टननं विरोधात हात वर केला आणि बुटांकडे बघत म्हणाला, "नवेकोरे टॉवेल. त्यांचा थर चांगला जाड बसतो."