चपला वर ठेवा

नवा जिल्हा झाला, तरी बसलिंगप्पा ओव्हरसियरची पायपीट काही सुटली नव्हती. पुरात वाहून गेलेली वेशीतली जुनी पेठ सरकारी मदतीतून पुन्हा उभी राहिली, आणि ती तपासायला तो आला तेव्हा दुष्काळ पडलेला. नदीच्या कोरड्या पात्रात शेळ्या बसल्या होत्या.

प्रत्येक नव्या घरात चपला मात्र पार छताजवळच्या फळीवर ठेवलेल्या.

शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी त्यानं आपल्या चपला काढल्या.

"वर ठिवा साब, वाहून जातेत," घरधनीण अमीरबी म्हणाली.

"अहो, प्यायला टँकर येतो तुम्हाला!" तो वैतागला. हसायचंही त्राण उरलं नव्हतं.

भिंती ठोकून, चहा पिऊन तो बाहेर आला, तर चपला जागेवर नव्हत्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"वेशीपाशी बघा," अमीरबी म्हणाली. "सगळ्यांच्या तिथंच अडकतेत."

तो अनवाणीच निघाला. फुफाट्यानं पाय पोळत होते. वेशीजवळच्या बाभळीवर पुरातल्या चिंध्या अजून लोंबत होत्या. त्यांच्या शेजारी, हात पोचणार नाही इतक्या उंच, काट्यांत त्याच्या चपला अडकल्या होत्या. कोरड्या ठणठणीत.

त्यानं टाचा उंचावल्या. पाय पोळायचे कधी थांबले, त्याला कळलंच नाही.

तो मागं वळला. सगळी पेठ अंथरुणं काखेत मारून मुकाट्यानं स्लॅबवर चढत होती.

वरून अमीरबीनं हाक दिली, "साब, पवायला येतं न्हवं तुमाला?"