पाण्यातलं शेत

“शेत या बाजूला असतं बाळा, पाण्यात नाही,” बाईंनी पिटुकलीला पुन्हा बजावलं आणि दंडाला धरून उठवलं. पोरगी उठली. बाईंची पाठ वळली तशी परत जाऊन त्याच जागी बसली. मांडी घालून, ताठ, वर्गाच्या अगदी मधोमध. आता काय म्हणावं या हट्टाला! पाहुणे यायची वेळ झालेली आणि हे कार्टं हलायला तयार नाही. तिला वगळावं, तर वर्गातलं एकूण एक मूल खेळात दिसलं पाहिजे, असा निरोप आलेला.

बालवर्गाचा खेळ होता ‘आपला देश’. उंच मुलं हात वर करून डोंगर होत. त्यांच्यामधून नागमोडी धावत नदी येई. पुढे मुलांची रांग हातात हात अडकवून उभी राही, ते धरण. नदी धरणापाशी थांबली की चार मुलं निळी चादर पसरून टोकं हलवत. पाणी साचलं. मग रांगेच्या पलीकडे उकिडवी बसलेली शेतं हळूहळू उभी राहत, आणि त्यांच्या मागची पोरं मुठी उघडत, ते शहरातले दिवे. चादर बाईंनीच शिवली होती, घरच्या जुन्या चादरी रंगवून.

मुलं सगळी धरणात बुडालेल्या गावाची. गेल्या वर्षी गाव उठवून या वसाहतीत आणलं, पत्र्याच्या खोल्यांत बसवलं. देशाला धरण का लागतं ते पोरांना खेळता खेळता कळावं, मनातली अढी जावी, असा वरूनच हुकूम होता. बाई शहरातून आलेल्या. त्यांना ते पटलंही होतं. पोरांचं काय, आज रडतील, उद्या खेळायला लागतील.

आणि पटलं नसतं तरी काय करणार होत्या? नोकरी अजून कच्ची, नवरा कंबर मोडून अंथरुणाला खिळलेला. धरणाचे मोठे साहेब आज खेळ बघणार होते. त्यांनी एक शब्द टाकला की बाई कायम होणार होत्या. काही वेडंवाकडं झालं तर माझ्या दारात येऊ नका, असं मुख्याध्यापकांनी सकाळीच सुनावून ठेवलं होतं.

साहेब आले, खुर्चीत बसले. मागे भिंतीला टेकून आईबाप उभे. साहेब माणूस गोड बोलणारा. तुम्ही देशासाठी घरदार सोडलंत, म्हणाले, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. एवढं मोठं धरण झालं, पण कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पाणी चढलं तेव्हा गावात एकही माणूस मागे राहिलेला नव्हता. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या मुख्याध्यापकांनी.

खेळ सुरू झाला. डोंगर उभे राहिले, नदी आली, थांबली. आणि बाई बघतात तो काय! पिटुकली मधोमध बसलेली. चादर धरलेली मुलं बाईंच्या तोंडाकडे बघायला लागली. बाईंनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग मुलांना मान हलवून खूण केली. चादर तिच्या डोक्यावरून गेली. साहेबांना वाटलं, खेळच तसा बसवलाय. शेतं उगवली, दिवे लागले, साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

मुलं आपापल्या जागी पळाली. चादरीखालचा उंचवटा तसाच राहिला. बाईंनी चादर ओढली, तर पोरगी डोळे मिटून श्वास कोंडून बसलेली, तोंड लालबुंद. बाई घाबरल्या. गदागदा हलवलं तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला.

“ऊठ गं, संपला खेळ. शेत उगवलं बघ.”

“मी शेत नाहीये,” पिटुकली म्हणाली. “मी आबा आहे. आबा आमच्या गावातल्या घरातच बसलेत. पाणी आलं तरी उठत नाहीत.”

बाईंनी मागे पाहिलं. पोरीची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाकीच्यांच्या माना खाली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. रोज आपण या पोरीला दंडाला धरून उठवत होतो, आणि आज आपल्याच हातानं बुडवलं.

साहेब खुर्चीतून पुढे झुकले. अजून हसतच होते. छोकरी काय म्हणतेय, त्यांनी विचारलं.

बाईंनी चादरीची घडी घालायला घेतली. “काही नाही साहेब,” त्या म्हणाल्या, “मी शेत आहे म्हणते.”